बंद गाडी जागेवरच उठवायची की टोचन करून गॅरेजला न्यायची?

सात-आठ वर्षं पार्किंगमध्ये धूळ खात पडलेली गाडी पुन्हा चालू करायची, तर मिस्त्रीला गाडीपाशी आणा, नाहीतर गाडी मिस्त्रीपाशी न्या. मी दोन्ही करून बसलोय. काकांची प्रीमियर पद्मिनी पार्ल्याहून गॅरेजला नेली होती. मेव्हण्याची १९९८ची मारुती ८०० मुलुंडला त्याच्या बिल्डिंगखालीच उठवली. बॅटरी नवी लागणार, टाकीतलं आंबलेलं पेट्रोल काढावं लागणार, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो.

आधी एक अपवाद. गाडी कधी पुराच्या पाण्यात बुडाली असेल तर पुढचं वाचूही नका, थेट गॅरेज गाठा. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा बुडालेल्या कितीतरी गाड्या लोकांनी दुसऱ्या दिवशी सेल्फ मारून पाहिल्या, आणि त्यातच इंजिनं गेली. डिपस्टिक, म्हणजे इंजिनातलं तेल मोजायची पट्टी, काढून बघा. तेल दुधाळ चहासारखं दिसलं तर आत पाणी आहे. असं इंजिन हातानेही फिरवायचं नाही, खोलायचंच.

बाकी गॅरेजची बाजू भक्कम आहे, हे मान्य करायला हवं. टाकी उतरवून आतला गंज काढणं, ब्रेकचे गळके व्हील सिलेंडर बदलणं, गाडीखाली घुसून पाइप तपासणं ही कामं पेव्हर ब्लॉकवर पाठ टेकून होत नाहीत. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुन्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही, तेव्हा नळ्या तशाही बदलायच्याच. शिवाय गॅरेजमध्ये काही अडलं तर पोऱ्या कुर्ल्याला नाहीतर ऑपेरा हाऊसला पिटाळला की तासा-दीड तासात पार्ट हातात.

मग माझं घोडं कुठे पेंड खाल्लं? वाट बघण्यापाशी.

बंद पडून राहिलेल्या इंजिनात पुष्कळदा पिस्टनच्या रिंगा सिलेंडरला चिकटलेल्या असतात, मुंबईच्या दमट हवेत तर ही भीती जास्तच. त्यावर इलाज साधा आहे. स्पार्क प्लग काढायचे, भोकांतून पातळ तेल सोडायचं आणि गप्प बसायचं. चार दिवस, कधी आठ. पद्मिनीच्या वेळी मी गॅरेजवाल्याला हेच सांगितलं, त्याने मानही डोलावली. तिसऱ्या दिवशी फोन: "शेठ, गाडीने जागा अडवलीय, काय करू?" मी म्हटलं, थांब. पाचव्या दिवशी त्याच्या पोराने चौथा गिअर टाकला, दुसऱ्या गाडीला दोर बांधला आणि ओढली. कट्ट असा आवाज आला म्हणे. हेड उतरवलं तर एक रिंग तुटलेली आणि बोअरवर, म्हणजे सिलेंडरच्या आतल्या भिंतीवर, ओरखडा. रिंग आधीच गेली असेल, असं त्याचं म्हणणं. असेलही, मी छातीठोकपणे नाही म्हणणार नाही. पण बिल बघून काका दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते.

त्या माणसाचा राग मात्र येत नाही. चार गाड्यांची जागा, भाडं महिन्याच्या महिन्याला भरायचं, आणि त्यात एक गाडी काहीही न करता तेल पीत उभी. तो तरी किती दिवस थांबणार? या शहरात गाडीला फुकट उभं राहता येतं ते ती आधीपासून उभी असते तिथेच.

८००च्या वेळी म्हणूनच हलवलीच नाही. मिस्त्री मिळाले ते जुन्या टॅक्सीवाल्यांचे. ऑक्टोबर २०२३मध्ये पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेल्या आणि कार्बोरेटर, पॉइंट यांत हात बसलेली ही मंडळी मोकळी झाली. अशा उस्तादांकडे आता गॅरेज नसतं, पिशवीत पाने असतात. त्यांनी तीनही प्लगांच्या भोकांत अर्धं ॲसिटोन, अर्धं ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल तेल असं मिश्रण सोडलं आणि "शनिवारी येतो" म्हणून गेले. मेव्हणा रोज ऑफिसातून आला की क्रँकच्या पुलीला पाना लावून हलकेच दाब देऊन बघायचा. जोर करायचा नाही, ही ताकीद. पाचव्या संध्याकाळी पुली बोटभर सरकली, तेव्हा त्याने मला फोन केला तो मुलगा झाल्याच्या आवाजात.

पुढचं पटकन झालं. टायमिंग बेल्ट बदलला, तेल नवं भरलं, प्लग न लावताच सेल्फ मारून ऑइलचा दिवा विझू दिला, आणि टाकीला हात न लावता बाटलीतून पेट्रोल देऊन गाडी चालू केली.

त्रास नाही झाला असं नाही. ॲसिटोनच्या वासाने पहिल्या मजल्यावरच्या आजी खाली आल्या, पहिल्या धुराने तर सेक्रेटरी. फरशीवरचे डाग अजून आहेत. बंदिस्त तळघरात पार्किंग असेल तर पेट्रोल-ॲसिटोनचा हा खेळ करूच नका, इथे स्टिल्ट, म्हणजे बिल्डिंगखालचं खांबांमधलं पार्किंग, चारी बाजूंनी उघडा होता म्हणून निभावलं. आणि ब्रेकसाठी शेवटी गाडी टोचन करून गॅरेजला न्यावीच लागली, म्हणजे तो खर्च काही वाचला नाही. इंजिन मात्र न खोलता चालू झालं होतं.

तुमची सोसायटी फारच कडक असेल किंवा ओळखीचा उस्ताद नसेल, तर गॅरेजला न्या, बिघडत नाही. फक्त प्लगच्या भोकांत तेल घरीच सोडा, इंजिन हाताने फिरू लागलं की मगच टोचनवाल्याला फोन करा. तेवढीही सवड नसेल तर गाडी सोडून निघताना सेल्फची वायर काढून खिशात घाला, आणि दोर कुठे ठेवलाय तेही बघून घ्या.