ब्लेटिला, सिप्रिपेडियम की स्पॅथोग्लॉटिस? वाफ्यात लावायचं ऑर्किड निवडताना

ऑर्किड म्हणजे टांगत्या टोपलीत, कोळशाच्या तुकड्यांवर वाढवायचं रोप, असं बहुतेकांच्या मनात पक्कं बसलेलं असतं. पण साध्या वाफ्यात, मातीत मुळं रोवून वाढणारी ऑर्किडंही पुष्कळ आहेत. घरच्या बागेसाठी त्यातली तीन नावं बहुधा पुढे येतात. नुसते फोटो पाहून निवडायचं म्हटलं, तर दहातले नऊ जण सिप्रिपेडियमवर बोट ठेवतील आणि त्यातल्या अनेकांचं रोप दोन वर्षांत जाईल. म्हणून फूल नंतर बघा, आधी आपल्याकडचा हिवाळा बघा.

सिप्रिपेडियमला थंडी नुसती चालत नाही, लागतेच. वरचा भाग वाळून गेल्यावर जमिनीतल्या डोळ्यांना साधारण तीन महिने ५ अंशांखालचा गारठा मिळाला पाहिजे, नाहीतर पुढचा कोंब मरतुकडा येतो. उन्हाळ्यात माती तापलेलीही त्याला खपत नाही. थंडी कमी असलेल्या भागात काही जण त्याचे कंद फ्रिजमध्ये ठेवून ही गरज भागवतात. हौस दांडगी असेल तर करा, पण दरवर्षी हा उद्योग निभावणं सोपं नाही.

ब्लेटिला स्ट्रायाटा मूळची चीन, जपान, कोरियाची. तिला हिवाळ्यात विश्रांती हवी, पण ती इतकी हट्टी नाही. पालापाचोळ्याचं जाड आच्छादन दिलं तर शून्याच्या बऱ्याच खालचं तापमानही ती काढते, आणि सौम्य हिवाळ्यातही जमवून घेते. तिची खोड एकच: कोंब फार लवकर वर येतो. त्या गुंडाळलेल्या पानांच्या आतच फुलाचा दांडा असतो. उशिरा दहिवर, म्हणजे गोठलेलं दंव, पडलं की कोंबाचं टोक काळं पडतं आणि त्या वर्षीची फुलं गेली. त्या दिवसांत रात्री वर एखादं गोणपाट टाकायची तयारी ठेवा.

हिवाळा उबदारच असेल तर या दोघींचा नाद सोडून सरळ स्पॅथोग्लॉटिस प्लिकाटा लावावी. दहिवर तिला मारतं, पण उष्ण दमट हवेत ती सदाहरित राहते, ऊन सोसते आणि दांड्याच्या टोकाला जांभळट गुलाबी फुलं एकामागून एक उमलत राहतात. हवाईसारख्या ठिकाणी तर ती बागेबाहेर पडून रानोमाळ पसरली आहे. नवख्या माणसाला हिच्याइतकं सोपं ऑर्किड नाही. फूल मात्र नाजूक, आणि जवळ गेल्यावर थोडं साधंच वाटतं.

सिप्रिपेडियमचं तसं नाही. त्याची खालची पाकळी फुगून पिशवीसारखी होते. मधमाशी तोंडातून आत घसरते, आत मध काहीच नसतो, आणि बाहेर पडायची वाट मागच्या बाजूने, अगदी अरुंद. जाताना ती आधी स्त्रीकेसराला घासते, मग परागाचा गोळा पाठीवर घेऊन निघते. ही फसवणूक बघायला मिळावी म्हणून मी या झाडाचे लाड करायला तयार आहे.

लागवडीत फरक मोठा आहे. ब्लेटिलाचा चपटा कंद भुसभुशीत, पाण्याचा निचरा होणाऱ्या मातीत सुमारे ५ सेंटीमीटर खोल, अर्धसावलीत ठेवला की काम झालं. सिप्रिपेडियमसाठी खड्डा उथळ आणि रुंद हवा. मधे मातीचा छोटा उंचवटा करून त्यावर कंद टेकवायचा, मुळं चहूबाजूंनी पसरायची, डोळे मातीखाली जेमतेम दोनतीन सेंटीमीटर. मुळं ठिसूळ असतात, कोंबाल तर मोडतील. मातीत परलाइट किंवा प्युमिस (हलके, सच्छिद्र खडे) भरपूर आणि शेणखत अजिबात नको. ओल कायम हवी, पण पाणी साचलं की कुजलंच. गोगलगायींना तिघींचेही कोवळे कोंब आवडतात.

बागेत मुळातच पाणथळ कोपरा असेल तर या तिघींऐवजी स्पायरँथेस किंवा, हवा थंड असल्यास, डॅक्टिलोरायझा ही ऑर्किडं बघा.

आता खरेदी. ऑर्किडचं बी धुळीसारखं बारीक असतं, त्यात अन्नसाठा नसतो, रुजायला निसर्गात विशिष्ट बुरशीची साथ लागते. प्रयोगशाळेत रुजवलेलं सिप्रिपेडियम फुलावर यायला अनेक वर्षं घेतं, म्हणून ते महाग. स्वस्तात मिळालं तर ते रानातून उपटलेलं असण्याची शक्यता धरा. तशी रोपं सहसा जगत नाहीत, आणि आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या, धोक्यातल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबाबतच्या, कराराचे निर्बंधही आहेत. सुरुवात ‘गिसेला’सारख्या संकरित जातीने करा. मूळ जातींपेक्षा ती सोशिक असते. ब्लेटिलाच्या बाबतीत ही चिंता बरीच कमी, कारण तिचे कंद दर तीनचार वर्षांनी वेगळे करून वाटता येतात. सिप्रिपेडियम एकदा रुळलं की त्याला हात लावू नका.