सुई पडली म्हणजे गळतंयच असं नाही: हवेचा लीक टेस्टर आठ महिने वापरल्यावर

डिसेंबरात घेतलेला लीक टेस्टर, म्हणजे कॉम्प्युटर थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या नळ्यांत आधी हवा भरून गळती तपासायचं उपकरण, आठ महिने वापरून झाला. एवढ्या काळात माझा स्वतःचा कॉम्प्युटर दोनदा पूर्ण उघडून जोडला आणि ओळखीतल्या तिघांचे लूप (पाणी फिरवणाऱ्या नळ्यांची अख्खी जोडणी) पाणी भरायच्या आधी तपासून दिले. नाशिकची थंडी, एप्रिलचं ऊन आणि आताचा पाऊस, तिन्ही ऋतूंत तो वापरला. लीक टेस्टरच्या बाबतीत ऋतूंचा काय संबंध, असं वाटेल. पण मला सगळ्यात जास्त तेच शिकायला मिळालं.

माझं काम आर्किटेक्ट लोकांना थ्रीडी व्ह्यू आणि वॉकथ्रू करून देण्याचं. रेंडर, म्हणजे मॉडेलवरून चित्र तयार करायचं काम, लावला की प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड रात्रभर पूर्ण भाराने चालतात. आमचं घर गंगापूर रोडला, वरच्या मजल्यावर. मे महिन्यात रात्री अकरा वाजताही स्लॅब हाताला गरम लागतो. म्हणून वॉटर कूलिंगकडे वळले. पहिला लूप एका दुकानातून बसवून घेतला होता. त्यांनी फिटिंगभोवती, म्हणजे नळ्या जोडायच्या सांध्यांभोवती, टिश्यू पेपर गुंडाळले, चार-पाच तास पाणी फिरवलं, पेपर कोरडे निघाले आणि मशीन हातात दिलं. तिसऱ्या महिन्यात ऐन डिलिव्हरीच्या आठवड्यात ग्राफिक्स कार्ड गेलं. उघडून पाहिलं तर कार्डाच्या पाठीवर, फिटिंगच्या बरोबर खाली, नखाएवढा हिरवट डाग. तिथे पाणी कधी साचलंच नव्हतं, थेंब यायचा आणि गरम कार्डावर वाळून जायचा. डिस्टिल्ड वॉटर वीज वाहून नेत नाही म्हणून घाबरायचं कारण नाही, असं मलाही सांगितलं गेलं होतं. बाटलीतल्या पाण्याबद्दल ते बरंचसं बरोबर आहे. महिनोन् महिने तांब्याच्या ब्लॉकमधून (प्रोसेसरवर किंवा कार्डावर बसणारा, आतून पाणी जाणारा ठोकळा) आणि पाणी गार करणाऱ्या रेडिएटरमधून फिरलेल्या पाण्याबद्दल नाही. त्यात धातूचे अंश उतरलेले असतात, आणि बोर्डवरची धूळ त्यात मिसळली की ते चांगलंच वाहक होतं.

टेस्टर म्हणजे एक छोटा हातपंप, त्यावर दाब दाखवणारा गेज, हवा सोडायचा व्हॉल्व्ह आणि पुढे जी १/४ मापाच्या आट्यांचं तोंड. लूपच्या बहुतेक सगळ्या सामानाला हेच आटे असतात, त्यामुळे रिझर्व्हायरच्या, म्हणजे पाण्याच्या छोट्या टाकीच्या, वरचं बूच काढून तिथे तो सरळ बसतो. वीज लागत नाही, पाणी लागत नाही. ०.५ बारपर्यंत (बार हे दाबाचं एकक) हवा भरायची, पंप थांबवायचा आणि सुई कुठे आहे ते लिहून ठेवायचं. हा आकडा उगाच ठरवलेला नाही. लूपमध्ये पाणी फिरवणारा नेहमीचा डी-फाइव्ह पंप जास्तीत जास्त ३.९ मीटर उंचीपर्यंत पाणी ढकलतो, म्हणजे ०.४ बारच्याही थोडा खालीच. त्यामुळे ०.५ ला टिकलेल्या सांध्याला पंपाचा दाब भारी पडत नाही. शिवाय पाण्याच्या मानाने हवा फार पातळ, तिचा चिकटपणा पाण्याच्या साधारण पन्नासाव्या हिश्शाएवढा. ज्या फटीतून पाण्याचा थेंब यायला फार वेळ लागेल, तिथून हवा निसटलेली लवकर कळते.

आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, सातपूरला एका कारखान्यात कास्टिंगच्या (ओतीव भागांच्या) लीक टेस्टिंगवर होते. निवृत्त होऊन सात वर्षं झाली. पार्सल उघडलं तेव्हा ते शेजारीच बसले होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो दाबाचा. जास्त दाबाची चाचणी असेल तर कारखान्यात शक्यतो पाणी भरूनच करतात. दाबलेल्या हवेत ताकद साठून राहते, भाग फुटला तर तुकडे उडतात. पाण्याचं तसं होत नाही. ०.५ बार आणि आत जेमतेम लिटरभर हवा, हे ऐकल्यावर त्यांनी मान डोलावली. पण लगेच म्हणाले, "टायरवाल्याच्या कंप्रेसरला हात लावायचा नाही." ते अगदी बरोबर आहे. गाडीच्या टायरमध्ये दोन बारच्या वर हवा असते, आणि ॲक्रिलिकच्या रिझर्व्हायरला स्क्रूच्या भोकापासून तडा जायला तेवढी नक्की पुरते.

पहिली चाचणी जानेवारीत केली. थंडी ऐन भरात होती, निफाडचा पारा रोज पेपरात येत होता. संध्याकाळी सातला ०.५० वर सुई ठेवली. पाच मिनिटांत ती थोडी उतरली, पुन्हा ०.५० ला आणली, मग स्थिर झाली. निश्चिंत होऊन झोपले. सकाळी साडेसहाला पाहते तर सुई ०.४४ वर. पोटात गोळा आला. मी एक-एक फिटिंग पुन्हा आवळायला घेतलं, तेवढ्यात अण्णा चहा घेऊन आत आले.

"अगं, सुई पडली म्हणजे गळतंयच असं नाही. रात्री खोलीत तापमान किती होतं?"

मी लिहिलंच नव्हतं. पण एसीच्या रिमोटवर खोलीचं तापमान दिसतं आणि झोपायच्या आधी २५ पाहिल्याचं आठवत होतं. आता १३ होतं, कारण खिडकी रात्रभर उघडी. अण्णांनी वर्तमानपत्राच्या कडेलाच गणित मांडलं. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब इथे ०.९४ बारच्या आसपास. त्यात गेजचे ०.५० मिळवले की आतला खरा दाब १.४४. तापमान केल्व्हिनमध्ये घ्यायचं, म्हणजे सेल्सिअसमध्ये २७३ मिळवायचे, रात्री २९८ आणि सकाळी २८६. १.४४ गुणिले २८६ भागिले २९८ केलं की १.३८ येतं. त्यातून बाहेरचे ०.९४ वजा केले की ०.४४. सुई बरोबर तिथेच होती. कुठेही गळत नव्हतं, हवा फक्त थंड झाली होती. बंद नळ्यांतली हवा थंड झाली की दाब उतरणारच, हे शाळेत शिकलेलं असतं, पण ते स्वतःच्या टेबलावर पाहिलं की मनात बसतं. दिवसभर वाट पाहिली. दुपारी खोली पुन्हा २५ वर आली तेव्हा सुई ०.५० ला परत आली होती.

तेव्हापासून वहीत तीन रकाने आहेत: वेळ, सुई, तापमान. तिसरा रकाना अण्णांनी आखून दिला, आणि एप्रिलमध्ये त्यानेच वाचवलं. आता सांगते तो प्रसंग कुठल्याही वापरणाऱ्याने लक्षात ठेवावा असा आहे. सकाळी आठला ०.५० ठेवली. दुपारी दोनला पाहिलं, ०.५०. जराही हललेली नाही. कोणीही म्हणेल की पास. मीही बाटली उघडायला हात पुढे केला होता. पण वहीत लिहायला गेले तर सकाळी २६ अंश होते आणि आता ३४. आठ अंशांनी हवा तापली असेल तर सुई ०.५४ ला जायला हवी होती. ती जागची हलली नाही, याचाच अर्थ चार शतांश बारची हवा कुठून तरी बाहेर गेली होती. जानेवारीत सुई पडूनही गळती नव्हती, आणि एप्रिलमध्ये सुई जागेवर राहूनही गळती होती.

शोधायला मग दीड तास लागला. टेस्टर गळती आहे की नाही एवढंच सांगतो, कुठे आहे ते सांगत नाही. मी लूप अर्धा केला, रेडिएटर आणि रिझर्व्हायर एकीकडे, ब्लॉक दुसरीकडे. ज्या बाजूची सुई पडली ती पुन्हा अर्धी केली. भाग लहान असला की आत हवाही कमी, त्यामुळे तेवढ्याच गळतीने सुई लवकर पडते आणि फार वेळ बसावं लागत नाही. शेवटी ब्लॉकवरचं एक फिटिंग उरलं. ब्रशने साबणाचं पाणी लावलं. पंक्चरवाला ट्यूब घमेल्यात बुडवतो तेव्हा येतात तसे मोठे बुडबुडे नव्हते. नळी जिथे फिटिंगमध्ये शिरते तिथे फक्त पांढरा फेस हळूहळू जमत होता, मोहरीएवढा.

उघडल्यावर कारण दिसलं. पीईटीजी प्लास्टिकची कडक नळी कापल्यावर तिची कड मी आतून घासली होती, बाहेरून नीट घासली नव्हती. बोट फिरवलं तर कडेला एके ठिकाणी बारीक खरखर लागत होती. त्या कडेने आत जाताना ओ-रिंगचा, म्हणजे फिटिंगमधल्या रबरी कडीचा, पापुद्रा सोलला होता. केसाएवढी काळी रबराची पट्टी नळीला चिकटून बाहेर आली. ओ-रिंग बदलली, कड बाहेरून तिरकी घासून गुळगुळीत केली, ओ-रिंगला डिस्टिल्ड वॉटरचा थेंब लावून नळी सरळ दाबली. इथे कोणी कोणी व्हॅसलीन लावतात. लावू नका. फिटिंगच्या बऱ्याच ओ-रिंग ईपीडीएम रबराच्या असतात, आणि पेट्रोलियमच्या तेला-मलमांनी ते रबर फुगतं. तसंच ॲक्रिलिकवरचा साबण पुसायला स्पिरिट किंवा आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) वापरू नये, बारीक भेगा पडतात. साधं पाणी आणि मऊ कापड पुरतं.

आता टेस्टरबद्दलच्या माझ्या तक्रारी. मला तो साडेतीन हजारांना पडला. पंप चांगला आहे, व्हॉल्व्ह अजून घट्ट बसतो. पण सोबत आलेला गेज या कामाचा नव्हता. त्यावर ० ते २.५ बार आखलेलं, प्रत्येक रेघ ०.१ ची. वर सांगितलेली सगळी गोष्ट पाच-सहा शतांशांची आहे, ती त्या तबकडीवर दिसणारच नाही. जानेवारीआधीच अण्णांनी अंबडच्या औद्योगिक सामानाच्या दुकानातून आटे जुळवून ० ते १ बारचा, ०.०२ च्या रेघांचा गेज आणून दिला. गेज निवडताना आपला आकडा तबकडीच्या मध्यावर यावा असं बघतात, कारण वाचन तिथेच सगळ्यात भरवशाचं असतं. विकणाऱ्यांनी मुळातच हा गेज द्यायला हवा. जे कोणी घेणार असतील त्यांनी आधी तबकडीचा फोटो मोठा करून बघा, बाकी दिसणं नंतर.

दुसरी तक्रार त्याच्याच तोंडाशी असलेल्या ओ-रिंगची. सहाव्या महिन्यात ती चपटी झाली आणि टेस्टर स्वतःच हवा सोडायला लागला. इंदिरानगरच्या एका मित्राच्या लूपवर दोन तास गेले, आणि गळका निघाला टेस्टर. आता प्रत्येक वेळी आधी त्याच्या तोंडाला बंद टोपी लावून दहा मिनिटं नुसता टेस्टर तपासते. हे पहिल्या दिवसापासून करायला हवं होतं.

काही गोष्टी त्याच्या आवाक्यातल्या नाहीत. पाणी ५० अंशांपर्यंत तापल्यावर आणि रोज तापून थंड होऊन सहा महिन्यांनी सांधा कसा वागेल, हे गार कोरडी हवा सांगू शकत नाही. लूपमध्ये ॲल्युमिनियम आणि तांबं एकत्र आलं असेल तर आतून गंज धरणार, तेही सुईला कळत नाही. पाणी काढून टाकण्यासाठी बॉल व्हॉल्व्ह असेल तर चाचणी करताना तो उघडा ठेवून त्याच्या शेवटाला बूच लावावं, नाहीतर त्याच्या पलीकडचा तुकडा तपासलाच जात नाही. काही रिझर्व्हायरना दाब सारखा राखायला हवा जाऊ देणारा पडदा असतो. तो बंद केल्याशिवाय सुई कधीच टिकणार नाही, आणि आपण विनाकारण चांगली फिटिंग उघडत बसतो.

मऊ नळ्यांच्या लूपला पहिली दहा मिनिटं सोडून द्या. नळी थोडी फुगते, हातपंपाने तापलेली हवा निवते, सुई उतरते. मग पुन्हा ०.५० ला आणून तिथून मोजायला सुरुवात करा. तिथून पुढे अर्धा तास तापमान धरून सुई हलली नाही तर मी पाणी भरते. मोठं काम तोंडावर असेल तर रात्रभर ठेवते. भरल्यानंतरही मदरबोर्डला वीज न देता, पॉवर सप्लायच्या २४ पिनच्या कनेक्टरमधली हिरवी तार काळ्या तारेला जोडून फक्त पंप तासभर फिरवते, खाली टिश्यू ठेवूनच. पूर्वी हीच एकमेव चाचणी असायची आणि चोवीस तास पाहत बसावं लागायचं.

परत घ्यायची वेळ आली तर पुन्हा घेईन, गेज बदलायचं धरूनच. परवा पंचवटीतल्या एका मुलाचा लूप तपासला, वहीत शेवटची नोंद तीच आहे. सकाळी १०.१० ला ०.५०, तापमान २६. दुपारी १.४० ला ०.५०, तापमान २६. बाहेर संततधार होती, खोलीतला पारा हललाच नव्हता. अण्णांनी दोन्ही आकड्यांखाली रेघ मारली आणि त्या मुलाला म्हणाले, "भर आता पाणी."