चाळीस हजारांत कॅमेरा: जुनी २००डी आणि नवी पन्नासची लेन्स

लातूर, बीड, परभणीकडं लग्नाचं काम नव्यानं सुरू करणारी पोरं एक चूक हटकून करतात. हातात ४० हजार असले की ३७-३८ हजार नव्या बॉडी-किटमध्ये (कॅमेरा आणि सोबतची साधी लेन्स) घालतात आणि उरलेल्या दोन-तीन हजारांत बॅग, कार्ड, ट्रायपॉड सगळं बसवतात. संध्याकाळच्या हळदीला उजेड कमी पडला की फोटो दाणेदार येतात आणि दोष कॅमेऱ्याला लागतो. खरी कमी असते ती लेन्सची.

म्हणून बॉडी जुनी घ्या आणि लेन्स नवी घ्या. किट लेन्ससकट (सोबत येणारी १८-५५ एमएमची साधी झूम लेन्स) सेकंड हँड कॅनन २००डी २५ हजारांच्या आत बसवायची. तिच्या जोडीला कॅननचीच ५० एमएम एफ १.८ एसटीएम नवी घ्यायची. एफचा आकडा म्हणजे अपर्चर, लेन्सचं उघडं तोंड; आकडा लहान तेवढा उजेड जास्त. मग कार्ड, जादा बॅटरी, धूळ उडवायचा ब्लोअर. दीड-दोन हजार राखून ठेवा, सेन्सर (फोटो टिपणारा आतला भाग) साफ करायची वेळ येऊ शकते.

नवी १५००डी वॉरंटीसकट मिळते, त्यामुळं मन तिकडं जातं. पण तिला बाहेरचा माइक जोडता येत नाही, स्क्रीन वळत नाही, टचही नाही. त्याहून मोठी अडचण हॉट शूची, म्हणजे वर फ्लॅश बसवायच्या खाचेची आहे. फ्लॅश पेटवणारी मधली पिनच त्यात नाही. स्टुडिओवाले वापरतात ते स्वस्त मॅन्युअल फ्लॅश आणि साधे ट्रिगर त्यावर चालत नाहीत. २००डीची पुढची आवृत्ती मार्क टू, तिचीही हीच गत. २०१७ साली आलेल्या पहिल्या २००डीला मात्र ती पिन आहे. 'मार्क टूमध्ये फोर-के आहे' असं दुकानदार सांगेल. ते खरं आहे, पण फोर-के लावलं की फ्रेम बरीच कापली जाते आणि ड्युअल पिक्सेल फोकस (स्क्रीनवर बघून शूट करतानाचा वेगवान ऑटोफोकस) चालत नाही. लग्नाच्या रीलसाठी २००डीचं १०८०पी पुरतं. मेनूत व्हिडिओ सिस्टीम 'पाल' (PAL) ठेवा, सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची आहे, त्यामुळं ट्यूब आणि एलईडीच्या उजेडात पट्टे कमी येतात.

२००डीतही उणिवा आहेत. व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावायच्या काचेत) फोकसचे ९ पॉइंट आहेत आणि त्यातला मधलाच खात्रीचा. रॉमध्ये (न दाबलेल्या मोठ्या फाइलमध्ये) सलग पाच-सहा फोटो झाले की बफर, म्हणजे कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी भरते आणि कॅमेरा दम घेतो, तेवढ्यात अक्षता पडून जातात. अक्षतांच्या वेळी जेपेग ठेवा.

निकॉनवाल्यांसाठी एवढंच: डी३५०० आणि डी५६०० बॉडी चांगल्या आहेत, पण त्यांच्यात फोकसची मोटर नाही. स्वस्तात मिळणारी जुनी ५० एमएम एफ १.८डी त्यांच्यावर हातानंच फोकस करावी लागते. मोटर लेन्समध्येच असलेली, 'एएफ-एस' आणि 'जी' (G) लिहिलेली लेन्स मागा.

आता तपासणी. त्यासाठी वीस मिनिटं लागतात आणि ती दिवसाउजेडी, कॅमेरा स्वतःच्या हातात घेऊन करायची. निकॉनच्या जेपेगमधून शटर काउंट (कॅमेऱ्यानं आजवर किती फोटो काढले तो आकडा) सहज वाचता येतो. कॅननच्या फोटोत तो नसतो, कॅमेरा यूएसबीनं जोडून वेगळं सॉफ्टवेअर लावावं लागतं. त्यामुळं विकणाऱ्यानं सांगितलेला आकडा धरू नका, बॉडी बघा. ग्रिपचं रबर सुटलंय का, हॉट शूचा रंग घासून पत्रा दिसतोय का. शूवर चरे असतील तर त्या कॅमेऱ्यानं बरीच लग्नं केलेली आहेत, मग भाव त्याप्रमाणं पाडा.

स्क्रीन बाहेर काढून पूर्ण फिरवा. फिरवताना चित्र लुकलुकलं तर आतली पट्टी गेली आहे, तो कॅमेरा सोडून द्या. मग एव्ही मोडवर (अपर्चर आपण ठरवायचा मोड) एफ २२ लावा, फोकस मुद्दाम बिघडवा आणि पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून मोठा करून बघा. काळे ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ. ती साफ होते, पण तेवढे पैसे कमी करून घ्या.

लेन्स काढून एका बाजूनं मोबाइलचा टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूनं तिरकं बघा. धुळीचे दोन-चार कण चालतात. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक फांद्या दिसल्या तर ती फंगस आहे, आणि तशी लेन्स फुकट मिळाली तरी घेऊ नका. आपल्याकडं हवा कोरडी म्हणून फंगस लागत नाही, हा समज चुकीचा आहे. पावसाळाभर बॅगेत बंद करून कपाटात ठेवलेल्या लेन्सला इथंही ती धरते.

शेवटची तपासणी वर्तमानपत्राची, आणि तीच सगळे टाळतात. पेपर टेबलावर पसरा, ४५ अंशांत तिरकं बघत एका मथळ्यावर मधल्या पॉइंटनं फोकस धरा. पन्नासची लेन्स असेल तर एफ १.८ ठेवा, नसेल तर किट ५५ वर नेऊन तिचं अपर्चर पूर्ण उघडा. एक फोटो व्ह्यूफाइंडरमधून, एक लाइव्ह व्ह्यूतून, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून. लाइव्ह व्ह्यूत मथळा धारदार आणि व्ह्यूफाइंडरच्या फोटोत मात्र त्याच्या मागची किंवा पुढची ओळ धारदार आली, तर फोकस सरकलेला आहे. २००डीत तो मेनूतून सुधारायची सोय नाही.

पन्नासच्या लेन्सचं वजन १६० ग्रॅम, माउंट धातूचा. किट लेन्स ५० वर आणली की एफ ५.६ देते, ही एफ १.८. म्हणजे जवळपास दहापट उजेड. किटला जिथं आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता, वाढवली की दाणे वाढतात) ६४०० लागतो, तिथं हिचं ६४० वर भागतं. पण किंमत दुसरीकडं मोजावी लागते. पाच फुटांवरून नवरीच्या डोळ्यावर फोकस धरला तर एफ १.८ ला जेमतेम ६ सेंटिमीटर जागा धारदार येते. डोळे आणि नथ येते, कानातलं धूसर होतं. नवरा-नवरी दोघं असले की एफ ४ वर या. भर दुपारच्या उन्हात आयएसओ १०० आणि शटर १/४००० ठेवूनही एफ १.८ ला फोटो पांढरा पडतो, तिथं एफ २.८ च्या पुढं राहा.

दुसरी अडचण जागेची. या बॉडीचा सेन्सर लहान, त्यामुळं पन्नासची लेन्स ८० सारखी वागते. माणूस पायापासून डोक्यापर्यंत घ्यायचा तर कॅमेरा उभा धरूनही १३-१४ फूट मागं सरावं लागतं. दहा बाय दहाच्या खोलीत ते जमणार नाही. घरातली कामं जास्त असतील तर पन्नासच्या ऐवजी २४ एमएम एफ २.८ बघा, तिथं सहा-सात फुटांत काम होतं.

अजिंठ्याला जाणाऱ्यांनी मात्र किट लेन्स घरी ठेवू नये. लेण्यांत फ्लॅश चालत नाही. चित्र हलत नाही, त्यामुळं किटच्या स्टॅबिलायझरवर (हात हलल्याचा परिणाम कमी करणारी सोय) १/१० सेकंदालासुद्धा फोटो स्थिर येतो. पन्नासमध्ये स्टॅबिलायझर नाही. वेरूळच्या कैलासालाही १८ ची रुंदी लागतेच. जायकवाडीच्या पक्ष्यांसाठी ५५-२५० एसटीएम घ्या. जोडीत मिळते म्हणून ७५-३०० घेऊ नका, तिला स्टॅबिलायझर नाही आणि ३०० वर ती मऊ पडते.

बॅटरी एलपी-ई१७. बाहेरच्या कंपनीची बॅटरी बऱ्याचदा कॅननच्या चार्जरवर चढत नाही, तिचा चार्जरही सोबत घ्या. कार्ड ६४ जीबीचं, व्ही३० (वेगाचा दर्जा) लिहिलेलं. यूएचएस-टू या जास्त वेगाच्या कार्डावर पैसे घालू नका, या कॅमेऱ्याला त्याचा वेग घेता येत नाही. कॅननने २००डीसाठी ४० अंशांपर्यंतच्या तापमानाची हमी दिलेली आहे आणि मे महिन्यात आपला पारा त्याच्या वर असतो. वरातीत फोटो नसतील तेव्हा कॅमेरा पांढऱ्या पंचात गुंडाळून सावलीला ठेवा. लेन्स बदलताना बॉडीचं तोंड खाली करा.

खरेदीला आषाढ-श्रावण बरा. चातुर्मासात मुहूर्त नसतात आणि लग्नसराई उरकून स्टुडिओवाले जुन्या बॉडी काढतात, भाव करायला जागा असते. पैसे देण्याआधी कॅमेऱ्यावरचा सिरियल नंबर बिलावरच्या आणि बॉक्सवरच्या नंबराशी जुळवा. बिल नसेल तर विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत आणि सही केलेली पावती घ्या. तो त्यालाही तयार नसेल तर व्यवहार करू नका.