सोब्रार्बेच्या पायवाटा: नऊ महिने सायकल घातल्यावर

गेल्या सप्टेंबरात नोकरीसाठी स्पेनमधल्या झारागोझाला आलो. (इथली माणसं ‘थारागोथा’ म्हणतात, माझी जीभ अजून वळत नाही.) पहिल्याच आठवड्यात ऑफिसातल्या एकानं विचारलं, सायकल चालवतोस का? मी ताठ मानेनं सांगितलं, साताऱ्याचा आहे, यवतेश्वरचा घाट रोज सकाळी चढायचो. शनिवारी त्यानं माझी सायकल त्याच्या गाडीच्या टपावर बांधली आणि उत्तरेला ऐन्सा गावात नेऊन सोडलं. पहिल्या उतारावर पंधरा मिनिटांत मी दोनदा झुडपात गेलो. यवतेश्वरचा घाट डांबरी आहे, हे तेव्हा आठवलं.

त्या दिवसापासून या जूनपर्यंत चोवीस वेळा तिकडे जाऊन आलो. सायकल जुनी, सेकंडहँड घेतलेली हार्डटेल, पुढे सस्पेन्शन आणि मागे काही नाही. पुण्या-मुंबईचे बरेच जण हल्ली युरोपात सायकल घेऊन यायचा बेत करतात आणि मला निरोप पाठवून विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. तारे द्यायचे तर पाचांतले चार. पाचवा का कापला ते ओघात येईल.

ऐन्सा हे पिरेनीज पर्वताच्या पायथ्याचं गाव. आरा आणि सिंका या दोन नद्या इथे भेटतात. जुनं दगडी गाव टेकडीवर, खाली नवी वस्ती आणि सायकलची दुकानं, आणि समोर पेन्या मोन्तान्येसा नावाचा सुमारे २,२९० मीटरचा पांढरट कडा, जो कुठल्याही वळणावरून डोकावत राहतो. या मुलखाला सोब्रार्बे म्हणतात. इथल्या लोकांनी ओस पडलेल्या गावांमधल्या जुन्या पायवाटा झाडंझुडपं तोडून मोकळ्या केल्या आणि त्यांचं सायकलसाठी जाळं बांधलं. त्याचं नाव झोना झीरो. २०१५ आणि २०१८ मध्ये एंड्युरो वर्ल्ड सिरीज या माउंटन बाइकच्या जागतिक शर्यतमालिकेची फेरी इथे झाली, म्हणजे जगातले सगळ्यात तयारीचे लोक याच उतारांवरून गेलेत. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर पहिल्या दिवशी हेल्मेट जरा घट्ट बांधलं असतं.

पद्धत अशी. चढायचं ते डांबरी रस्त्यानं किंवा जंगलखात्याच्या कच्च्या रस्त्यानं, ज्याला इथे ‘पिस्ता’ म्हणतात. उतरायचं ते एकपदरी पायवाटेनं, तिला ‘सेंदा’. ग्वासो, सान व्हिसेन्ते, बुईल, आस्कासो अशी डोंगरावरची छोटी गावं म्हणजे चढ संपल्याची खूण. गाव कसलं, पाच-दहा घरं, एक जुनं चर्च, एक नळ. धुराड्यांच्या टोकावर विचित्र दगड बसवलेले दिसतात, चेटकिणी घरात शिरू नयेत म्हणून. पाचशे-सहाशे मीटर चढून घाम पुसत तिथे बसायचं, बाटली भरायची आणि मग खाली. नळावर ‘नो पोताब्ले’ लिहिलं असेल तर ते पाणी प्यायचं नाही, एवढं स्पॅनिश आधी पाठ करा.

वाटांना हिरवा, निळा, लाल, काळा असे रंग दिलेत. हे रंग आपल्या हिशेबानं वाचू नका. इथली निळी वाट म्हणजे सह्याद्रीत आपण ज्या वाटेवर सायकल खांद्यावर घेऊ तशी. गुडघाभर दगडी पायऱ्या, दोन्ही बाजूंना बॉक्सवुडची दाट झुडपं, आणि वळण असं की हँडल आत गेलं तर बाहेर येईना. माझ्या मते पहिले दोन दिवस हिरव्यातच काढावेत आणि त्याची लाज बाळगू नये. मी बाळगली होती.

पण रंगापेक्षा मोठी गोष्ट माती. नऊ महिन्यांत शिकलो ते हेच, म्हणून इथे जरा रेंगाळतो. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी हा सगळा भाग समुद्राखाली होता. त्या तळाचा गाळ आज राखाडी टेकड्या होऊन उघडा पडलाय. नाव ‘मार्गा’, म्हणजे चिकणमाती आणि चुन्याचं मिश्रण. कोरड्या दिवशी ही जमीन स्वर्ग आहे. टायर असा चिकटतो की उतारावर सायकल आडवी कलवली तरी सुटत नाही. हत्तीच्या पाठीसारख्या गुळगुळीत राखाडी धारांवरून जाताना दोन्हीकडे खोल घळी दिसतात आणि तुम्ही मधल्या दोन फुटांवरून सुसाट. अशी मजा मला दुसरीकडे कुठेही आली नाही.

आणि ओल्या दिवशी? जूनमध्ये काळ्या रानात चप्पल घालून गेलाय कधी? चार पावलांत चप्पल पायरीच्या दगडाएवढी जड होते. तेच, फक्त रंग राखाडी.

नोव्हेंबरात दोन दिवस पाऊस झाला होता. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. ऑफिसातल्या दोस्तानं सांगितलं, अजून दोन दिवस थांब. मी म्हटलं, वरून वाळलंय की. पहिले दोनशे मीटर खरंच वाळलेलं होतं. मग एका सावलीच्या वळणावर मागचं चाक फिरायचंच थांबलं. खाली बघितलं तर चाक आणि फ्रेम यांच्या मधली जागा भरून गेलेली, डिरेल्युअर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा मागचा भाग) कुठे संपतो आणि चिखल कुठे सुरू होतो ते कळेना. काटकीनं उकरलं, दहा मीटर गेलो, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा वैतागून पेडलवर जोर दिला आणि ‘टक्’ असा आवाज आला. हँगर तुटला, म्हणजे डिरेल्युअर फ्रेमला ज्यावर टांगलेला असतो तो ॲल्युमिनियमचा छोटा तुकडा. चेन गुंडाळून खिशात घातली आणि चिखलानं दुप्पट जड झालेली सायकल ढकलत सहा किलोमीटर चाललो. पुढे एका दुकानदारानं दोन आठवडे थांबवून भलताच हँगर मागवला, तो बसेना. शेवटी ऑनलाइन मागवला. तात्पर्य सोडा, पण सॅकमध्ये आपल्या फ्रेमचा एक जादा हँगर घरूनच घेऊन या. प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो आणि इथे आयत्या वेळी मिळत नाही.

टायरचं सांगायचं तर ट्यूबलेसला पर्याय नाही. ‘आलियागा’ आणि ‘एरिथोन’ अशी दोन काटेरी झुडपं सगळीकडे आहेत. एरिथोन दिसायला गोड, जूनमध्ये डोंगर उतारावर पिवळ्या उशा मांडल्यासारखा फुलतो. मी फोटो काढायला त्यावर टेकलो होतो. असो. ट्यूब घालून पहिल्या महिन्यात चार पंक्चर काढले, ट्यूबलेस करून आत सीलंट ओतल्यापासून एकही नाही. हार्डटेल चालते, पण तिसऱ्या उताराला कंबर बोलायला लागते. भाड्यानं मागे सस्पेन्शन असलेली सायकल मिळते, चार दिवसांसाठी येणाऱ्यानं तीच घ्यावी.

आता तो कापलेला तारा. एक, काही फाट्यांवर खुणेचा खांबच नाही, किंवा झुडपात बुडालाय. जीपीएस ट्रॅक आधीच मोबाइलवर उतरवून घ्या, कारण दरीत रेंज नसते. दोन, शिकार. हिवाळाभर शनिवार-रविवारी रानडुकरांचा हाका असतो. वाटेच्या तोंडाशी पिवळी पाटी दिसली, नारिंगी जाकिटातली माणसं दिसली, की मुकाट्यानं मागे वळायचं. चोवीसपैकी पाच वेळा ठरवलेली वाट यामुळे सोडावी लागली. गावकऱ्यांची बाजू मला पटते, डुकरं इथेही शेत फस्त करतात, पण अडीच तास गाडी चालवून आल्यावर पटलेलंही झोंबतं. तीन, इथे रेल्वे येत नाही आणि सायकलसह बसचं गणित जमवणं कठीण. गाडी लागतेच. आणि मोठं हॉस्पिटल बार्बास्त्रोला, पन्नासेक किलोमीटर खाली. आणीबाणीचा नंबर ११२. विमा काढल्याशिवाय काळ्या वाटेकडे बघूही नका.

खाण्याचं दोन ओळींत उरकतो. दुपारी दीडच्या आधी जेवण मागू नका आणि साडेतीननंतर मिळेल अशी आशा ठेवू नका. सकाळी अकराला मात्र तळलेली अंडी आणि लोंगानिसा सॉसेज खाणारे सायकलवाले आणि ट्रॅक्टरवाले एकाच टेबलावर असतात. ‘चिरेता’ म्हणून एक प्रकार आहे, मेंढीच्या आतड्यात भात आणि वजडी भरून शिजवतात. ज्याला घरची वजडी आवडते त्याला आवडेल. शाकाहारी मंडळींनी शिदोरी आणावी.

एक वाट वेगळी सांगायची आहे, जिच्यात कसरत काहीच नाही. बोल्तान्या गावाहून आरा नदीच्या कडेनं वर जायचं. आरावर मोठं धरण नाही, पिरेनीजमध्ये अशी नदी आता दुर्मीळ आहे. पाणी हिरवट निळं, तळाचे गोटे मोजता येतात. पुढे नदीवर एक झुलता पूल लागतो, सायकल हातात धरून ओलांडायचा, आणि पलीकडे हानोवास गाव. इथे धरण व्हायचं होतं. १९६०च्या दशकात जमिनी ताब्यात घेतल्या, लोकांना हुसकावलं, रिकामी घरं सुरुंग लावून पाडली म्हणजे कोणी परत येऊ नये. एक कुटुंब १९८४ पर्यंत तिथेच तग धरून राहिलं. धरण मात्र झालंच नाही. २००१ मध्ये पर्यावरणाच्या कारणावरून प्रकल्प बाद झाला. आता जुनी कुटुंबं जमिनी परत घेऊन घरं बांधताहेत.

माझ्या आजीचं माहेर कोयनेच्या पाण्याखाली गेलं. ती उन्हाळ्यात पाणी उतरलं की गावाचं देऊळ दिसतं का विचारायची. इथे खालच्या बाजूला मेदियानोचा जलाशय आहे, १९६९ मध्ये गाव बुडालं, चर्चचा मनोरा अजून पाण्यातून वर दिसतो. तो पाहून मला आजी आणि उजनीतलं पळसदेवचं देऊळ एकदमच आठवलं. पण हानोवास वेगळंच. पाणी आलंच नाही तरी गाव गेलं. मार्चमध्ये गेलो तेव्हा छप्पर नसलेल्या भिंतींच्या मधोमध एक नवं कोरं घर होतं, दाराशी सिमेंटचा मिक्सर, आणि दोरीवर दोन चादरी वाळत होत्या. एक म्हातारे गृहस्थ अंगणात वाफा करत होते. कुठून आलात विचारलं. इंडिया म्हटल्यावर त्यांनी सायकलकडे पाहिलं आणि म्हणाले, हिच्यावर? मग स्वतःच हसले आणि बाटली भरून दिली.

कधी यावं? एप्रिल-मे आणि मध्य सप्टेंबर ते ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टात पारा पस्तिशीपार जातो, तेव्हा सकाळी सातला चढ सुरू करून अकराला नदीत उतरायचं, एवढंच शक्य आहे. डिसेंबर-जानेवारीत सावलीच्या बाजूला दगडांवर बर्फाचा पातळ थर असतो, उन्हाच्या बाजूची वाट धरा. पाऊस पडला असेल तर चार दिवस त्या ‘मार्गा’ मातीकडे फिरकू नका, तोवर बुईलकडच्या खडकाळ वाटा करा, तिथे पाणी लवकर निथळतं. मेंढ्यांच्या कुंपणाचं फाटक उघडलंत तर मागे लावून घ्या. तारेत वीज असते, हे मी हातानं तपासून झालंय.

मी पुन्हा सप्टेंबरात सुरू करणार. ड्रॉवरमध्ये दोन हँगर आणून ठेवलेत.