स्वतः देखभाल करणाऱ्यासाठी जुनी स्प्लेंडर : एक परीक्षण

दुसऱ्याने वापरलेली मोटारसायकल घ्यायची आणि तिची नेहमीची देखभाल स्वतःच करायची, असे ज्याने ठरवले आहे त्याला गाडीच्या वेगापेक्षा आणि दिसण्यापेक्षा वेगळ्याच गोष्टी पाहाव्या लागतात. कोणत्या नटापर्यंत पाना सहज पोहोचतो, कोणते झाकण काढल्याशिवाय आतली अवस्था कळत नाही आणि एखादा भाग खराब झाला तर तो तालुक्याच्या गावी मिळतो की नाही, हे त्याचे खरे प्रश्न. याच कसोटीवर मी येथे स्प्लेंडर आणि स्प्लेंडर प्लस या, कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) असलेल्या, जुन्या गाड्यांचे परीक्षण करत आहे. शिकाऊ हाताला यांच्याहून सोयीची दुसरी गाडी मला माहीत नाही. मात्र त्यांत दोन जागा अशा आहेत की गाडी कुरकुर न करता चालत राहते म्हणूनच त्यांच्याकडे वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही, आणि जुनी गाडी घेणाऱ्याने सर्वांत आधी त्याच उघडून पाहायला हव्यात.

स्प्लेंडर बाजारात आली १९९४ साली. ९७.२ सीसीचे, एका सिलिंडरचे, हवेवर थंड होणारे तिचे इंजिन हिरो होंडाच्याच १९८५ च्या सीडी १०० या मोटारसायकलच्या घराण्यातले. हिरो आणि होंडा यांनी वेगळे होण्याचे २०१० च्या डिसेंबरात जाहीर केले आणि २०११ मध्ये कंपनीचे नाव हिरो मोटोकॉर्प झाले, तरी इंजिनाची मूळ रचना पुढे चालूच राहिली. देखभाल करणाऱ्याला याचा फायदा असा की या गाडीचा स्वभाव जाणणारा माणूस जवळजवळ प्रत्येक गावात भेटतो, आणि वायर, ब्रेक शू (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे भाग), गॅस्केट (सांध्यातून ऑइल गळू नये म्हणून घालायचा पातळ थर), चेन सेट या वस्तू साध्या दुकानातही मिळतात. सीडी १०० ची ‘फिल इट, शट इट, फरगेट इट’ ही जाहिरात अनेकांना आठवत असेल. त्यातला विसरण्याचा सल्ला पेट्रोलच्या खर्चापुरता होता. आपल्याकडे तो पुष्कळ जणांनी देखभालीलाही लावला, आणि वापरलेल्या गाड्यांची आजची अवस्था पाहिली की त्याचा परिणाम दिसतो.

ऑइल बदलणे हे काम या गाडीवर अगदी सोपे आहे. गाडी मधल्या स्टँडवर घ्यावी, इंजिन थोडे गरम करून बंद करावे, तळाचा १७ नंबरचा नट सोडावा आणि खाली पसरट भांडे ठेवावे. नवे ऑइल १०डब्ल्यू-३० प्रतीचे आणि डब्यावर ‘जासो एमए’ असे लिहिलेले घ्यावे, कारण या गाडीचा क्लच इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि मोटारीसाठी बनवलेल्या काही ऑइलमधल्या घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांमुळे तो घसरू शकतो. ऑइल किती भरले हे डब्याच्या मापावरून न ठरवता ऑइल भरायच्या झाकणाला असलेल्या मापाच्या पट्टीवरून ठरवावे. त्यासाठी इंजिन थोडा वेळ चालवून बंद करावे, दोन-तीन मिनिटे थांबावे, आणि पट्टी पुसून ती न आवळता नुसती टेकवून वाचावी. आवळून वाचली तर पातळी प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसते.

याच कामात एक धोका आहे आणि तो जुन्या गाडीत हमखास भेटतो. तळाचा नट पोलादी असून तो ज्या आट्यांत बसतो ते ॲल्युमिनियमचे आहेत. आधीच्या हातांनी लांब पाना लावून तो वारंवार आवळलेला असेल, तर आटे गेलेले असतात आणि कोणीतरी टेफ्लॉनची पट्टी किंवा चिकटद्रव्य लावून वेळ मारून नेलेली असते. गाडी विकत घेण्यापूर्वी खाली वाकून त्या नटाभोवती ऑइलचा ओलावा आहे का ते पाहावे. नट बसवताना तो आधी बोटांनीच फिरवत पूर्ण आत न्यावा, वॉशर नवा घालावा आणि मग आखूड पान्याने बेताचाच आवळावा. काढलेले ऑइल गटारात किंवा मातीत मुळीच ओतू नये. वापरलेले ऑइल कायद्याने घातक कचऱ्यात मोडते. ते डब्यात भरून अशा गॅरेजमध्ये द्यावे, जिथे ते गोळा करून पुढे दिले जाते.

आता त्या दोन जागांपैकी पहिली. या इंजिनात कागदी ऑइल फिल्टर नाही. क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, उजव्या टोकाला एक गोल, पोकळ चकती बसवलेली असते. ती इंजिनाबरोबर फिरते आणि ऑइलमधला जड गाळ केंद्रापासून दूर फेकला जाऊन तिच्या कडेला साचतो. ताक घुसळल्यावर लोणी वेगळे व्हावे तसाच हा प्रकार, फक्त येथे वेगळे होते ते निरुपयोगी. शिवाय तळाशी एक बारीक जाळी असते. ऑइल वेळच्या वेळी बदलले तरी चकतीतला गाळ त्याबरोबर बाहेर येत नाही. तो काढायचा तर उजवीकडचे क्लच कव्हर उघडावे लागते, जुने गॅस्केट खरवडून काढावे लागते आणि नवे बसवावे लागते. नेमका हाच खटाटोप टाळण्यासाठी झटपट सर्व्हिसिंगमध्ये ही सफाई वगळली जाते. ज्या गाडीची सफाई बराच काळ झालेली नाही, तिच्या चकतीत काळा, शाडूसारखा घट्ट थर बसलेला सापडतो, आणि तो लाकडी काडीने खरवडावा लागतो. त्यात चकाकणारे कण दिसले तर इंजिनाची झीज किती झाली आहे याचा अंदाज येतो, म्हणून हा गाळ फेकण्यापूर्वी पांढऱ्या कागदावर पसरून पाहण्याजोगा असतो.

हे काम घरी करता येते, पण त्याला धीर लागतो. चकतीच्या झाकणाचे लहान स्क्रू घट्ट बसलेले असतात आणि साध्या स्क्रू ड्रायव्हरने त्यांची डोकी घासून जातात. तिथे हातोडीने ठोकून वापरायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर हवाच. तो नसेल तर हे एक काम मेकॅनिककडे न्यावे, पण आपण समोर उभे राहून ते करून घ्यावे.

दुसरी जागा म्हणजे चेन. स्प्लेंडरची चेन पूर्ण बंद पत्र्याच्या कव्हरमध्ये असते, आणि आपल्याकडच्या पावसात हे कव्हर फार उपयोगी पडते, कारण उघड्या चेनवर उडणारा चिखल येथे आतपर्यंत फारसा पोहोचत नाही. पण डोळ्यांआड असलेल्या चेनला तेल घालण्याची आठवणही राहत नाही. कव्हरला एक रबरी बूच असते. ते काढून बोटाने चेन वर-खाली करून ढिलाई पाहता येते आणि चाक फिरवत त्याच छिद्रातून तेलही देता येते. मात्र एकाच जागी पाहून निर्णय घेऊ नये. चाक फिरवत चार-पाच ठिकाणी ढिलाई तपासावी. एके ठिकाणी ताठ आणि दुसऱ्या ठिकाणी सैल लागली तर चेन असमान ताणली गेली आहे, आणि मग नुसती चेन न बदलता दोन्ही स्प्रॉकेटसह (चेन ज्यांवर फिरते त्या दात्यांच्या चकत्यांसह) पूर्ण सेट बदलावा. घिसलेल्या दात्यांवर नवी चेन चढवली की ती लवकरच खराब होते.

चेन ताणताना मागच्या ॲक्सलचा नट सैल करून दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखेच फिरवावे लागतात, आणि दोन्हीकडच्या खुणा जुळल्या पाहिजेत, नाहीतर चाक तिरके बसते आणि टायर एका बाजूने झिजतो. चाक मागे सरकले की मागच्या ब्रेकचा दांडाही ओढला जातो आणि ब्रेक आपोआप आवळतो, हे पुष्कळ जण विसरतात. म्हणून चेनचे काम संपल्यावर ब्रेकचा नट पुन्हा जुळवावा, चाक हाताने फिरवून ते मोकळे आहे का पाहावे आणि पायाच्या दाबाबरोबर मागचा दिवा योग्य वेळी लागतो की नाही तेही तपासावे.

पुढे-मागे ड्रम ब्रेक असल्यामुळे देखभाल सोपी जाते. ड्रमच्या झाकणावर एक खूण असते आणि ब्रेकच्या अक्षावर बाण. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण खुणेपर्यंत आला की शू संपले असे समजावे आणि नट आणखी आवळत बसू नये. ड्रम उघडल्यावर आतली भुकटी तोंडाने फुंकून किंवा हवेच्या पाइपाने उडवू नये. जुन्या शूंच्या अस्तरात ॲसबेस्टॉस असण्याची शक्यता असते, म्हणून ती ओल्या फडक्याने टिपून घ्यावी.

टॅपेटचे, म्हणजे व्हॉल्व्ह (इंजिनाची झडप) उघडणाऱ्या भागांतली बारीक फट जुळवण्याचे, काम ऐकायला अवघड वाटते, पण या इंजिनावर ते नवख्यालाही जमण्यासारखे आहे. इंजिन पूर्ण थंड, म्हणजे रात्रभर उभे राहिलेले असावे. डावीकडची छोटी झाकणे काढून क्रँक घड्याळाच्या उलट दिशेने फिरवावा, ‘टी’ ही खूण जुळवावी आणि दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्या) हाताला किंचित सैल लागतात याची खात्री करावी. एखादा ताठ लागला तर क्रँक आणखी एक पूर्ण फेरा फिरवावा. मग आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेतले माप फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) जुळवावे. आवाज बंद करण्यासाठी टॅपेट घट्ट करून देणारे लोक भेटतात. त्यांचे ऐकू नये. घट्ट टॅपेटमुळे व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि पुढे तो जळतो. थोडा टिकटिक आवाज चालेल.

प्लग, क्लचची वायर आणि एअर फिल्टर यांबद्दल फार सांगण्यासारखे नाही. फक्त फिल्टर फोमचा आहे की कागदी, ते आधी पाहावे. फोमचा फिल्टर धुऊन, ऑइल लावून, पिळून परत बसवता येतो. तेलकट कागदी फिल्टर मात्र झटकू किंवा धुऊ नये, तो सरळ बदलावा.

या गाडीच्या विरुद्ध माझी सर्वांत मोठी तक्रार गाडीबद्दल नसून तिच्या सुट्या भागांच्या बाजाराबद्दल आहे. खप जितका मोठा, तितका नकली मालही जास्त. पुण्याच्या नाना पेठेसारख्या ठिकाणी एकाच वस्तूचे अनेक दर्जे एकाच फळीवर मिळतात, आणि तिथे ब्रेक शू, चेन सेट, क्लच प्लेट व गॅस्केट यांत पैसे वाचवू नयेत. आरसा, फुटरेस्टचे रबर किंवा इंडिकेटरची काच स्वस्तातली घेतली तरी काही अडत नाही.

वर्ष निवडताना शक्यतो सेल्फ स्टार्ट आणि किक दोन्ही असलेली स्प्लेंडर प्लस पाहावी. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ या प्रदूषणाच्या नियमांनंतरच्या गाडीत कार्ब्युरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आले. तिच्यावरही ऑइल, चेन, ब्रेक आणि टॅपेट यांची कामे घरी होतातच, पण इंजिन मिसिंग करू, म्हणजे चालताना मध्येच अडखळू लागले तर स्क्रू फिरवून ते जुळवण्याची सोय राहत नाही आणि दोष वाचण्यासाठी वेगळे उपकरण लागते. ज्याला पेट्रोलच्या नळीपासून प्लगच्या ठिणगीपर्यंत सगळे स्वतः तपासून शिकायचे आहे, त्याने कार्ब्युरेटरचीच गाडी घ्यावी, आणि सौदा पक्का करण्यापूर्वी विकणाऱ्याला क्लच कव्हर शेवटचे केव्हा उघडले होते तेवढे अवश्य विचारावे.