सर्बियन शिकवणारं अ‍ॅप: 'काको सी' आलं, पुढचं मैत्रिणींनी शिकवलं

आधीच सांगते, अ‍ॅप वाईट नाहीये आणि नाव मुद्दाम घेत नाहीये, कारण या जातीची बहुतेक अ‍ॅप्स एकाच साच्यातून काढल्यासारखी असतात. नोकरीसाठी सर्बियातल्या नोव्ही सादला आले तेव्हा सर्बियनचा ओ की ठो कळत नव्हता, म्हणून आल्या आल्या वर्षाचे पैसे भरून टाकले. आता दहा महिने झालेत. माझ्याकडून 5 पैकी 3 स्टार, आणि कापलेले दोन्ही स्टार एकाच गोष्टीसाठी, ती म्हणजे मित्रमैत्रिणींना 'कशी आहेस, काय चाललंय' हे विचारणं या अ‍ॅपला धड शिकवता येत नाही.

पहिल्याच धड्यात 'काको सी?' म्हणजे कसा आहेस, आणि 'काको स्ते?' म्हणजे कसे आहात. आता हा तू-तुम्हीचा फरक समजवायला अ‍ॅपने पूर्ण एक चॅप्टर खर्च केलाय, मोठ्यांना स्ते, अनोळखी माणसाला स्ते, दोघं-तिघं असतील तरी स्ते, चित्रं काय, क्विझ काय. अहो, आम्ही जन्मल्यापासून हेच करतोय! अ‍ॅप बनवलंय इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी, त्यामुळे आपल्याला जे फुकट येतं तिथे रेंगाळतं आणि जिथे अडतं तिथून पळतं.

माझी फजिती झाली ती 'दमले' या शब्दावरून. अ‍ॅपमधला आवाज पुरुषाचा, तो म्हणतो 'उमोरान साम', मी मागोमाग म्हणते 'उमोरान साम', बरोबरची हिरवी खूण येते. दोन आठवडे ऑफिसात जो विचारेल त्याला मी हेच ऐकवलं, शेवटी शेजारी बसणारी मैत्रीण हसू दाबत म्हणाली, अगं 'उमोर्ना', तू मुलगी आहेस ना! म्हणजे मी चौदा दिवस सगळ्यांना 'मी दमलो' सांगत फिरत होते. मराठी बाईला हे कळायला इतका वेळ लागावा याची लाज माझी, पण अ‍ॅपने एका ओळीत सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

आता मुख्य तक्रार. इथे मित्र एकमेकांना भेटल्यावर 'काको सी' पेक्षा 'श्ता इमा?' जास्त कानावर पडतं, शब्दशः काय आहे, पण अर्थ आपलं 'काय विशेष?'. आणि दुसरं 'ग्दे सी', म्हणजे कुठे आहेस, जे घाईत 'दे सी' होतं. एकदा ऑफिसच्या किचनमध्ये चहा करत होते, एक सहकारी दारातूनच ओरडला 'दे सी!', मला क्षणभर वाटलं हा मला देसी म्हणतोय की काय, मग ट्यूब पेटली आणि अ‍ॅपने शिकवलेली विभक्ती लावून मी ऐटीत उत्तर दिलं 'ऊ कुहिन्यी', किचनमध्ये. तो माझ्या समोर उभा. अजून मला त्यावरून चिडवतात. आपणही समोरच्याला 'आहेस कुठे हल्ली' विचारतोच की, पण धड्यात हे नाही म्हटल्यावर कळणार कसं.

उत्तरांचं पण तेच. अ‍ॅपकडे एकच, 'दोब्रो, ह्वाला', बरी आहे, धन्यवाद. खऱ्या माणसांकडून ऐकलेली बघा: 'एवो, रादिम', हे काय, काम करतेय. 'इदे', चाललंय. 'निश्ता पोसेब्नो', विशेष काही नाही. आणि माझं सगळ्यात लाडकं 'गुरा से', ढकलतोय! पहिल्यांदा अर्थ कळला तेव्हा मला आमचे काका आठवले, कधीही विचारा, 'ढकलतोय दिवस' हेच उत्तर.

पण खरी गोची पुढे आहे. कॉरिडॉरमधून जाता जाता एका मैत्रिणीला सहज 'काको सी' टाकलं, इंग्रजीतल्या हाय-हॅलोसारखं, पाय थांबवलेच नाहीत. ती थांबली. म्हणाली बरं नाहीये, आईचा गुडघा, रात्रभर झोप नाही, आणि मी मख्ख, कारण अ‍ॅपमध्ये कोणी कधी 'बरं नाही' म्हणतच नाही! 'श्ता ये बिलो?' म्हणजे काय झालं, किंवा 'दृझी से', म्हणजे धीर धर, एवढी दोन वाक्यं पण नव्हती माझ्याकडे. (हा 'दृ' मराठीत लिहायला मस्त जमतो, त्यांच्याकडे 'र' चक्क स्वरासारखा वापरतात, चौकाला 'तृग' म्हणतात.) ती वाक्यं नंतर तिनेच शिकवली, कॉफी पिता पिता.

चॅटिंगची तऱ्हा अजून वेगळी. सर्बियनला दोन लिप्या, सिरिलिक आणि लॅटिन, दोन्हीत तीस-तीस अक्षरं, आणि वुक काराजिच या भाषासुधारकाने एकोणिसाव्या शतकात 'बोलता तसं लिहा' करून ठेवल्यामुळे वाचायला खरंच सोपी. पण व्हायबरवर मित्रमंडळी लॅटिन लिपीतली अक्षरांवरची चिन्हं खाऊन टाकतात, त्याला ते 'भादरलेली लॅटिन' म्हणतात, आपण इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करतो तितकंच सर्रास. मी तसंच 'श्ता इमा' चिन्हाशिवाय टाइप केलं तर अ‍ॅपने चूक दाखवून एक हार्ट कापलं. चिडचिड होते हो.

चांगलं काय तर उच्चारांचे ऑडिओ स्वच्छ आहेत, स्लो करून ऐकता येतात, आणि संबोधनाचा धडा छान. 'ब्रात' म्हणजे भाऊ आणि हाक मारताना 'ब्राते', आपलं मित्र-मित्रा तसंच. फक्त मुली पण एकमेकींना 'ब्राते' म्हणतात हे तिथे सांगितलेलं नाही, मला पहिल्यांदा कोणी म्हटलं तेव्हा मी मागे वळून बघितलं.

घ्यायचं असेल तर एक-दोन महिन्यांचंच घ्या, वर्षाचं नको. मी ऑटो-रिन्यू बंद केलंय, आणि त्या पैशांत शेजारच्या मैत्रिणीला दर शुक्रवारी कॉफी पाजतेय. बदल्यात ती 'काय म्हणतेस' शिकलीये, फक्त अजून दरवेळी मला विचारते, यात 'म्हणायचं' काय असतं?