10 लिटरचा टिल्टिंग ग्राइंडर: सावजी भोजनालयाच्या रविवारला पुरतो का?

20 किलो मटणाचं वाटण सकाळी दोन-सव्वादोन तासांत काढायचं असेल तर पुरतो. 30 किलोच्या वर गेलात की दम तोडतो. आणि वडाभाताच्या वड्यांसाठी घेत असाल तर घेऊच नका.

यंत्र नेहमीचंच, कोईमतूर बनावटीचं: स्टीलचा ड्रम, तळाला ग्रॅनाइट, वर एकच मोठा ग्रॅनाइटचा दगड, 1 एचपीची सिंगल फेज मोटर, व्ही-बेल्ट आणि ड्रम ओणवा करायला हँडल. नागपुरात इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानांत दोन-तीन कंपन्यांचे मिळतात, पण आतून फारसा फरक नाही.

आधी त्या 10 लिटरबद्दल. तो हिशेब इडलीच्या पातळ पिठाचा आहे. सावजीचं वाटण घट्ट असतं, त्यामुळे एका घाण्याला चार, फार तर साडेचार किलो धरा. त्याहून जास्त भरलं की वाटण दगडाच्या वर चढून तिथेच बसतं. खालचं लोण्यासारखं होतं, वरचं जाडंभरडं राहतं. अगदीच थोडं घातलं तर दगड दगडावर घासतो आणि वाटणात कचकच येते.

मिक्सर असताना हे धूड कशाला, तर खसखशीसाठी आणि खोबऱ्यासाठी. मिक्सरचं पातं मिनिटाला हजारो फेरे मारतं. चार-पाच मिनिटांत जार तापतो, सुकं खोबरं तेल सोडतं, वाटणाचा गोळा होतो, आणि एवढं होऊनही खसखशीचे दाणे पात्याखालून अख्खे निसटतात. दगड सावकाश फिरतो, दाणा चिरत नाही, चेपतो. रश्श्याला दाटपणा आणि वर येणारी तर्री याच वाटणावर अवलंबून असल्यामुळे इथे पैसे वसूल होतात.

घाण्यांचा क्रम चुकला तर यंत्र चांगलं असूनही उशीर होतो. 20 किलो मटणाला साधारण 500 ग्रॅम आलं आणि 800 ग्रॅम लसूण लागतो, तो घाणा सगळ्यात आधी, कारण मटण शिजायला टाकताना तोच हवा असतो. आलं धुऊन आडव्या पातळ चकत्या करून घाला. लांब तुकडे टाकले की रेषा सुटून दगडाच्या दांड्याला गुंडाळल्या जातात, मग मशीन बंद करून सुरीने कापत बसावं लागतं. दहा-बारा मिनिटांत घाणा निघतो. मधे ड्रम धुवायची गरज नाही, पुढचं वाटणही त्याच रश्श्यात जायचं आहे.

दुसरा घाणा दीड किलो सुकं खोबरं आणि 400 ग्रॅम खसखस. यात घाई करू नका. खसखस तासभर कोमट पाण्यात भिजू घाला, निथळून एकटीच आधी टाका, पाणी अर्धी वाटीच. पाणी जास्त झालं की दाणे तरंगतात आणि दगडाखाली येतच नाहीत. आठ-दहा मिनिटांनी बोटांत चोळून बघा, दाणा लागत नसेल तरच खोबरं घाला. खोबरं जाळावर काळसर भाजून, बोटाच्या पेराएवढे पातळ काप करून, मूठ-मूठ टाकायचं. अख्ख्या वाटीचे मोठे तुकडे टाकले तर दगड उचलला जातो आणि ड्रमच्या कडेचं वाटण खरवडणाऱ्या स्क्रॅपरवर आपटतो. नायलॉनचा स्क्रॅपर एकदा कडेला झिजला की त्याची पांढरी फोलकटं थेट वाटणात येतात, म्हणून दर आठवड्याला त्याच्या कडेवरून बोट फिरवा. हा घाणा पाऊण तास खातो. पाण्याची पळी मोजून घाला, सगळं मिळून लिटरच्या वर नको. पातळ वाटण तेलात उडतं आणि तेल सुटायला दुप्पट वेळ घेतं, मग गॅसवर गेलेला वेळ ग्राइंडरच्या नावावर टाकण्यात अर्थ नाही.

भाजलेला कांदा सोपा आहे. कच्चा सहा किलो घेतला तर भाजून, सोलून दोन घाणे होतात, प्रत्येकी दहा मिनिटं, पाणी थेंबभरही नको. मिरची सगळ्यात शेवटी. भिवापुरी अख्खी मिरची वापरत असाल तर देठ काढून गरम पाण्यात अर्धा तास भिजवा. बी बारीक व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि झाकण उघडलं की अख्खं किचन खोकतं. धणे, मिरी, दगडफूल, बडी विलायची हे कोरडे मसाले मात्र या दगडावर टाकू नका. कोरडी पूड उडते, ड्रमच्या मधल्या दांड्याभोवतीच्या बुशिंगमध्ये शिरते आणि तिथलं रबरी सील खाते. ते भाजून वेगळे दळून घ्या.

वडाभाताचं कारण साधं आहे: भिजवलेल्या डाळींना भरड हवी, आणि हा दगड पाच मिनिटांत त्यांचं पीठ करतो. वडा गुळगुळीत होतो, भातावर नीट कुस्करत नाही. शिवाय ग्रॅनाइटमध्ये लसणाचा वास मुरतो. त्याला मूठभर खडेमीठ आणि भिजवलेले तांदूळ घालून पाच मिनिटं फिरवणं हाच उपाय, आणि तोही अर्धाच. दगडाला साबण लावू नका.

विजेचं सांगितल्याशिवाय दुकानदार मशीन विकून मोकळा होतो. 1 एचपी म्हणजे 746 वॅट, तासाला युनिटभर वीज. खर्च किरकोळ आहे. पण सुरू होताना मोटर कितीतरी पट करंट ओढते, म्हणून 16 अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट, पक्कं अर्थिंग आणि एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. मे महिन्यात, पारा 45 च्या वर असताना, कूलर-एसीमुळे व्होल्टेज पडतं. तेव्हा भरलेला ड्रम सुरू केला तर मोटर नुसती हुं करते आणि कपॅसिटर जातो. रिकामा ड्रम आधी फिरता करा, मग माल टाका. त्या दिवसांत वाटणाला पाणीही बर्फाचंच घाला.

आता तक्रारी. स्विच बॉडीवर, नेमका पाणी उडतं त्या बाजूला. तो भिंतीवर घ्यावाच लागतो. ओणवा केल्यावर ड्रमची कड इतकी खाली येते की खोल गंज (मोठं पातेलं) खाली मावत नाही, उथळ घमेल्यात काढून मग गंजात ओतायचं, म्हणजे एक भांडं जास्त. हँडलची लॉक पिन बारीक आहे. वाटण काढताना आधी प्लगच काढा आणि लाकडी सराटा (उलथणं) वापरा, हात नको.

सगळ्यात वाईट दुखणं सीलचं. ड्रमच्या तळातून येणाऱ्या दांड्याभोवतीचं रबर झिजलं की पाणी खाली बेअरिंगवर झिरपतं आणि ग्रीसची काळी रेघ वर वाटणात दिसते. दिसली की तो घाणा फेका, मशीन थांबवा. घेताना दुकानातच ड्रममध्ये दोन लिटर पाणी ओतून पंधरा मिनिटं चालवायला लावा आणि खाली कोरडा कागद ठेवा. नवीन दगडावर भिजवलेल्या तांदळाचे तीन घाणे काढून टाकून द्या, पहिल्या दोघांत दगडाची भुकटी असतेच. बेल्ट मधोमध अंगठ्याने दाबला तर सेंटिमीटरभर दबावा. त्याच्या पाठीवरचा नंबर लिहून ठेवा आणि त्याच नंबरचा एक जादा बेल्ट बिलातच घालून घ्या, कारण तो तुटायचा तर रविवारी सकाळीच तुटतो आणि तेव्हा दुकानं उघडलेली नसतात.